दाखलअंक २१७

निर्लेखनाची यादी करायला बसलोय
सावरबोडीच्या वाचनालयात, धम्मदीप आणि मी.
तो आकडा सांगतो, मी शेरा लिहिते:
जीर्ण. वाळवी. पाने नाहीत. जीर्ण.
मग दोनशे सतरा निघतं.
कव्हर तेव्हाही नव्हतं,
आम्ही त्याला नुसतं ‘गलबत’ म्हणायचो.

पान उघडलं आणि तंबाखूचा वास आला.
चाळीस वर्षांचा, तरी तिखट.

भागरताबाईच्या छपरीत सात जणी बसायच्या.
मांडीवर सूप, सुपात जर्दा,
भिजवलेली तेंदूची पानं, कात्री, पत्र्याचा फर्मा.
माझं काम बिड्यांची तोंडं मोडायचं.
पण शाळेतून हे पुस्तक आणलं
त्या दुपारपासून मला सूट मिळाली.
“तू वाच वो. तोंडं आमी मोडतो.”

समुद्र कुणीच पाहिला नव्हता.
“केवढा रायते?” जयतुरानं विचारलं.
मी म्हटलं, आपल्या तलावाएवढाच,
फक्त पलीकडची पाळ दिसत नाही.
“मंग पानी थांबते कायच्यानं?”
याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही,
कन्याकुमारी पाहून आले तरी.

वादळाचं प्रकरण चार दिवस चाललं होतं.
मध्येच मुनीम यायचा, छाट काढायचा,
शेकड्यामागं दहा बिड्या फेकायचा,
आणि फाटलेलं शीड
तसंच फडफडत राहायचं उद्यापर्यंत.
आज मोजलं. वादळ दीड पानाचं आहे.
लेखकानं घाईत उरकलंय.
आणि तो पोरगा, ज्याच्यापायी मी सहावीत
गणिताच्या वहीभर गलबतं काढली,
तो बराच बढाईखोर निघाला,
प्रत्येक पानावर छाती काढून उभा.
राग नाही आला. हसू आलं,
भाच्याला पाहून येतं तसं.

पान नऊ. इथं त्याची आई आहे.
तीन ओळी.
भाकरी बांधून देते, दाराशी उभी राहते,
गलबत वळलं की दिसेनाशी होते.
मी या ओळींवरून धावत गेले होते,
पुढं समुद्र होता.
भागरताबाईनं कात्री खाली ठेवली.
“परत वाच.”
वाचलं.
“आन् मंग ते माय काय करते?”
मी पानं चाळली. पुस्तकात नाही, म्हटलं.
“पाय बरोबर.”
नाही ना वो!
मला वादळाची घाई होती.

तिचा हिरामण राजनांदगावच्या गिरणीत गेला होता.
पोस्टकार्डावर पत्ता मीच लिहून द्यायचे,
वळणदार अक्षरात, पिनकोडसकट.
तरी मला कळलं नव्हतं.

आज शेवटपर्यंत वाचलं.
पोरगा परत येतो, खांद्यावर पोपट,
कमरेला मोहरा, बंदरावर ही गर्दी.
दाराचा उल्लेख नाही.
भागरताबाई, मी बरोबर पाहिलं होतं.

मग पुन्हा नऊवर आले तेव्हा दिसला
शिवणीत गाडलेला दोरा.
बिडीचा, गुलाबी, दोन गाठी मारलेला.
माझा नाही. मी कोपरे दुमडायचे.
भागरताबाईला अंगठ्यापलीकडं काही येत नव्हतं,
आणि पुस्तक रात्री तिच्याच कोनाड्यात असायचं.
कशावरून ओळखलं असेल तिनं हे पान?
त्यावर चित्रसुद्धा नाही.

“मॅडम, शेरा?”
मी त्या तीन ओळी वाचते, जरा मोठ्यानं.
धम्मदीप मान वर करतो. “काय म्हणालात?”
काही नाही.
दोनशे सतराची ओळ रिकामी सोडते.
पुढचा अंक सांग.